शिदोरी कुणाच्या हाती दिली? वेब पॅनेल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सोप्या भाषेत

एप्रिलातली पहाट. देवगडजवळ मामाच्या बागेतली शेड. पेंढा इकडेतिकडे पसरलेला, पाच डझनी पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि मुंबईला जाणारा टेम्पो गेटाबाहेर इंजिन चालू ठेवून उभा. लेबलं छापणाऱ्या छोट्या प्रिंटरातून पट्टीमागून पट्टी बाहेर पडत होती आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी होती प्रश्नचिन्हं. एका पट्टीवर पाच, दुसरीवर आठ, तिसरीवर चार.

मी ओटीवर झोपलो होतो. हाक आली. "रे झिला, माणसांची नावां खंय गेली? हय तर नुसते प्रश्नच दिसतत!"

आंब्याच्या ऑर्डरी घेणारं आमचं सॉफ्टवेअर तसं किरकोळच. भाड्याच्या सर्व्हरवर राहतं, लोक फॉर्म भरतात, पहाटे एक प्रोग्राम आपोआप चालतो आणि त्या दिवशीच्या पेट्यांची लेबलं तयार करून ठेवतो. सर्व्हरची देखभाल मी ब्राउझरमधूनच करतो. ज्या पानांवरून ती होते त्यांना वेब पॅनेल म्हणतात: डावीकडे यादी, उजवीकडे चौकटी, खाली ‘सेव्ह’चं बटण. आदल्या संध्याकाळी हाच प्रोग्राम मी स्वतः टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, चालवून पाहिला होता. तेव्हा सगळी नावं ठसठशीत देवनागरीत आली होती. प्रोग्राम तोच, सर्व्हर तोच, गिऱ्हाइकं तीच. संध्याकाळी त्याला मी उठवलं होतं आणि पहाटे दुसऱ्याच कुणीतरी, एवढाच काय तो फरक.

तो फरक छोटा नाही. कुणाचं होमस्टेचं बुकिंग असतं, कुणाच्या पतसंस्थेचे एसएमएस, कुणाच्या शाळेचे निकाल, आणि तक्रार ठरलेली: "मी चालवलं की चालतं, आपोआप चाललं की बिघडतं." दहातल्या सात वेळा दोष प्रोग्रामचा नसतो. हा आकडा माझ्या अंदाजाचा, त्यावर भांडू नका.

## नावातच घोळ

या दोषाच्या मुळाशी जी चीज असते तिचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. शब्दशः मराठी केलं तर होतं ‘पर्यावरण चल’, आणि ते वृक्षारोपणाला बोलावल्यासारखं वाटतं. म्हणून समजावताना मी ‘शिदोरी’ म्हणतो.

सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्राम आपणहून सुरू होत नाही, दुसरा कुठला तरी प्रोग्राम त्याला सुरू करतो. सुरू करणारी ती आई, सुरू होणारं ते लेकरू. माझी ही उपमा नव्हे, संगणकवालेही पॅरेंट आणि चाइल्ड असंच म्हणतात. लेकरू निघताना आई त्याच्या हाती शिदोरी देते. शिदोरीत पुड्या असतात. प्रत्येक पुडीवर नाव, आत थोडासा मजकूर. ‘लँग’ नावाच्या पुडीत भाषा आणि लिपी कशी हाताळायची ते. ‘टीझेड’मध्ये घड्याळ कुठल्या देशाचं धरायचं ते. ‘होम’मध्ये वापरकर्त्याचं घर, म्हणजे त्याचा फोल्डर. ‘पाथ’मध्ये हत्यारं कुठे शोधायची त्या जागांची यादी: आधी माळ्यावर बघ, नाही मिळालं तर खोपीत, नाहीतर पडवीत. पुडी म्हणजे व्हेरिएबल, पुड्यांची सगळी शिदोरी म्हणजे एन्व्हायर्नमेंट. पडद्यावर ही नावं रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत दिसतात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहितोय.

ही सोय आज आपण पाहतो त्या रूपात १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. तेव्हा वेब नव्हतं, पॅनेल नव्हतं, मामाची कलमंही बहुधा गुडघ्याएवढी असतील. कल्पना साधी आहे. एकच प्रोग्राम देवगडातही चालावा आणि जपानातही, आणि त्यासाठी त्याच्या आतली एकही ओळ बदलायला लागू नये. स्थानिक गोष्टी बाहेरून, शिदोरीतून द्याव्यात.

## होडी सुटली की सुटली

आता शिदोरीचे कायदे. धक्क्यावरून होडी सुटते तेव्हा बर्फ, डिझेल, पाणी, शिधा, जे काही चढवायचं ते आधी चढवावं लागतं. होडी खाडीच्या मुखाबाहेर गेल्यावर तुम्ही धक्क्यावर बर्फाच्या दहा लाद्या आणून ठेवल्यात तरी त्या होडीला त्यांचा उपयोग शून्य. प्रोग्रामचंही तसंच आहे. सुरू होताना जी शिदोरी मिळाली तीच त्याच्याजवळ राहते. नंतर तुम्ही कुठल्याही फाइलीत, कुठल्याही पानावर काहीही बदला, चालू असलेल्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. त्याला बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. आणि त्याला सुरू करणारी आईसुद्धा जुन्याच शिदोरीवर बसलेली असेल, तर आधी तिलाही.

उलट दिशेनेही काही पोचत नाही. लेकराने वाटेत अर्धी भाकरी कुत्र्याला घातली म्हणून घरच्या टोपातलं कमी होत नाही. त्याला मिळते ती नक्कल. लेकरू पुढे स्वतः कुणाला सुरू करतं तेव्हा मात्र त्या नकलेची नक्कल पुढे जाते, म्हणजे आजीने बांधलेलं नातवाच्या डब्यात सापडू शकतं.

यातून एक प्रश्न हाती येतो, आणि पॅनेलसमोर बसल्यावर तोच विचारायचा: या प्रोग्रामची आई कोण? ‘पुडीची किंमत, म्हणजे तिच्या आतला मजकूर, बरोबर लिहिली का’ हा प्रश्न नंतरचा.

## त्या पहाटे काय झालं होतं

मी एक पट्टी घेऊन ऑर्डरींच्या यादीशी ताडून पाहिली. पाच प्रश्नचिन्हं होती तिथे आडनाव होतं ‘सावंत’. स, काना, व, अनुस्वार, त. मोजा, पाचच. म्हणजे नाव हरवलं नव्हतं. प्रोग्रामने ते वाचलं होतं, फक्त लिहिता येईना म्हणून प्रत्येक खुणेच्या जागी इमानदारीत एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.

आमचा लेबलांचा प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला आहे. जुनी जावा सुरू होताना शिदोरीत ‘लँग’ची पुडी शोधते आणि त्यावरून कोणती लिपी लिहिता येईल ते ठरवते. पुडीच नसली तर ती सर्वांत जुनी, फक्त इंग्रजी अक्षरांपुरती पद्धत धरते. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून फाइली लिहिताना यूटीएफ-८, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत, आपोआप धरली जाते. आमची जावा मात्र ८. बागायतदाराचं सॉफ्टवेअर कलमासारखं असतं, एकदा लागलं की कुणी उपटत नाही.

पट्टीवर दुसरीही चूक होती, ती मला दुपारी दिसली. पॅकिंगची तारीख एक दिवस मागची होती. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदल्या रात्रीचे ११ असतात. ताजा आंबा भरायचा आणि वर कालची तारीख चिकटवायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनला आमंत्रणच.

## "पण मी तर चौकट भरली होती!"

खरं तर दोन वर्षांपूर्वीच मी ‘लँग’ची पुडी ठेवलेली होती. कुठे? माझ्या खात्यातल्या प्रोफाइल नावाच्या फाइलीत. ती फाइल वाचली जाते माणूस टर्मिनलवर लॉगिन करतो तेव्हा. म्हणजे मी आत शिरलो की माझी शिदोरी भरली जायची, मी सुरू केलेल्या प्रोग्रामला ती मिळायची आणि मी खूश. पहाटे कुणीच लॉगिन करत नाही. फाइल जागच्या जागी, वाचणारा कुणी नाही.

हे कळल्यावर मी पॅनेल उघडलं. सेटिंगमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ असं चक्क नाव असलेलं पान सापडलं. भरलं, सेव्ह केलं, हिरवी पट्टी आली. खात्री म्हणून पॅनेलमधूनच प्रोग्राम चालवला. नावं झकास! दुसऱ्या पहाटे पुन्हा प्रश्नचिन्हं.

इथे पॅनेलची जातकुळी समजून घ्यायला हवी. उदाहरणाला वेबमिन घेऊ, कारण ते खूप जुनं आणि खूप पसरलेलं. जेमी कॅमरॉन यांनी ते १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, ते पर्ल भाषेत लिहिलेलं आहे आणि सहसा १०००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, भेटतं. सामान्य वापरकर्त्यांसाठी त्याचं धाकटं भावंड यूजरमिन, ते २०००० वर. वेबमिन स्वतःसुद्धा सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्रामच आहे. त्याला स्वतःची शिदोरी आहे, आणि तो ज्यांना सुरू करतो त्यांना ती मिळते. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ऑपरेटिंग सिस्टिम अँड एन्व्हायर्नमेंट’ असं पान आहे. तिथली पुडी वेबमिनच्या आणि त्याच्या लेकरांच्या पदरात पडते. बाकी सर्व्हरशी तिचा संबंध नाही. नाव वाचून वाटतं की अख्ख्या गावाला वाढलं, पण जेवली एकच पंगत.

आमच्या पॅनेलचंही तसंच होतं. त्यातून प्रोग्राम चालवला तेव्हा आई होती पॅनेल, म्हणून चाचणी पास. पहाटेची आई वेगळी. चूक माझी, पॅनेलची नव्हे. त्या हिरव्या पट्टीचा अर्थ एवढाच की फाइलीत लिहून झालं. कोण वाचणार, हे ती सांगत नाही.

## क्रॉन देतो नुसती पेज

ठरल्या वेळी प्रोग्राम उठवणाऱ्या व्यवस्थेचं नाव क्रॉन. पहाटेची आई ती हीच. आणि ही आई मोठी काटकसरी. टर्मिनलवर लॉगिन करणाऱ्याला पंचपक्वान्नं, क्रॉनच्या लेकराला नुसती पेज: घर कुठलं, वापरकर्ता कोण, आज्ञा वाचणारं शेल कुठलं, आणि ‘पाथ’मध्ये दोन-चार जागा. त्याच्या ‘पाथ’मध्ये तुमचं हत्यार ठेवलेला फोल्डर नसला, तर ‘आज्ञा सापडली नाही’ म्हणून पहाटेच काम अडतं आणि तुम्ही दुपारी बघता.

क्रॉनची यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत वेळ आणि काम. त्याच यादीत पुड्याही लिहिता येतात: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. वेबमिनच्या क्रॉनच्या पानावर त्यासाठी ‘क्रिएट अ न्यू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ असा दुवा आहे. वापरकर्ता निवडायचा, नाव आणि किंमत भरायची. क्रॉनच्या कामांसाठी भरायची चौकट ही.

मी ती आमच्या पॅनेलात भरली. ‘लँग’, त्यापुढे एमआर_आयएन.यूटीएफ-८, म्हणजे मराठी, भारत, सर्वसमावेशक लिपी. आधी खात्री केली की सर्व्हरवर ही भाषा बसवलेली आहे, कारण नसलेल्या भाषेचं नाव पुडीत घालून काही होत नाही. तिसऱ्या पहाटे काय झालं असेल?

प्रश्नचिन्हं. मामा काही बोलला नाही. त्याने मार्कर काढला आणि बसला एकेक पेटीवर हाताने नावं घालत.

झालं असं होतं की पुडीची ओळ मी यादीच्या तळाशी घातली होती. क्रॉन यादी वरून खाली वाचतो आणि पुडी फक्त तिच्या खालच्या कामांना देतो. लेबलांचं काम वर, पुडी खाली. पंगत उठल्यावर वाढपी आला. ओळ वर नेली आणि चौथ्या पहाटे सावंतांचे सावंत झाले.

क्रॉनच्या आणखी दोन खोडी. पहिली: किंमतीत डॉलरचं चिन्ह घालून दुसऱ्या पुडीचा उल्लेख केला, जसा टर्मिनलवर सर्रास करतात, तर क्रॉन तो उलगडत नाही. ‘पाथ’मध्ये ‘जुना पाथ अधिक माझा फोल्डर’ असं लिहिलंत तर तो ते शब्दच्या शब्द तसे ठेवतो. पूर्ण यादी स्वतः लिहावी लागते. दुसरी खोड घड्याळाची, आणि तिने मला जास्त छळलं. ‘टीझेड’ची पुडी एशिया/कोलकाता अशी यादीत घातली की लेबलावरची तारीख सुधारते, कारण ती प्रोग्राम लिहितो आणि पुडी प्रोग्रामला मिळते. पण काम कधी उठवायचं हे क्रॉन स्वतःच्या घड्याळाने ठरवतो. अशा सर्व्हरवर सहसा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि डेबियन, रेड हॅट ही तिची कुळं. डेबियन कुळातल्या सर्व्हरवर यादीतली पुडी त्याचं घड्याळ बदलत नाही. रेड हॅट कुळात त्यासाठी ‘क्रॉन_टीझेड’ नावाची वेगळी पुडी असते. आम्ही शेवटी अख्ख्या सर्व्हरचीच वेळ भारतीय केली आणि क्रॉन पुन्हा सुरू केला. न केला असता तर तो जुन्याच वेळेवर बसून राहिला असता. होडीचा कायदा त्यालाही लागू.

## वेबसाइट तिसऱ्याच धक्क्यावरून सुटते

ऑर्डरींचा फॉर्म दाखवणारं ॲप्लिकेशन क्रॉनमधून सुटत नाही आणि लॉगिनमधूनही नाही. सर्व्हर चालू झाला की सिस्टमडी नावाचा व्यवस्थापक त्याला उठवतो. सिस्टमडी तुमची प्रोफाइल फाइल वाचत नाही. त्या सेवेची स्वतःची छोटी फाइल असते, तिच्यात ‘एन्व्हायर्नमेंट’ अशी ओळ लिहायची किंवा ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ म्हणून दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवायचं. मग सिस्टमडीला फाइली पुन्हा वाचायला सांगायचं आणि ती सेवा पुन्हा सुरू करायची. यातली दुसरी पायरी लोक हमखास विसरतात.

होस्टिंग कंपन्या जी पॅनेलं देतात त्यांत अनेकदा ‘ॲप्लिकेशन’चं वेगळं पान असतं आणि त्यात व्हेरिएबलची वेगळी चौकट. ती त्या एका ॲप्लिकेशनपुरती. उपयोगी आहे, फक्त तिथे भरलेलं क्रॉनला मिळेल अशी आशा धरू नका.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तशी इथे दर फाइलीला बदलते. प्रोफाइल फाइलीत पुडीआधी ‘एक्स्पोर्ट’ लिहावं लागतं, नाहीतर ती लेकरांपर्यंत पोचत नाही. क्रॉनच्या यादीत ‘एक्स्पोर्ट’ लिहिलंत तर ओळ चुकते. मालवणात ‘खंय’, चिपळुणात ‘कुठं’. पॅनेलचा खरा फायदा मला इथे दिसतो: चौकटीत नाव आणि किंमत भरा, कुठल्या फाइलीचं व्याकरण काय ते पॅनेल सांभाळतं.

## "मग एकदाच सगळ्यांसाठी लावून मोकळं का होऊ नये?"

तशी जागा आहे. सर्व्हरची सेटिंगं जिथे असतात त्या ईटीसी फोल्डरमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाचीच एक फाइल असते. भाषेसारखी निरुपद्रवी पुडी तिथे ठेवायला हरकत नाही. पण ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द तिथेही पुरता खरा नाही. लॉगिन करणाऱ्यांना ती मिळते, डेबियन कुळातल्या क्रॉनच्या कामांनाही मिळते, सिस्टमडीच्या सेवांना आपणहून मिळत नाही.

आणि ‘पाथ’ला तिथे हात लावताना दहादा विचार करा. नव्या फोल्डरचं नाव जुन्या यादीला जोडण्याऐवजी जुनी यादी पुसून एकटं नवं नाव लिहिलं गेलं, तर पुढच्या लॉगिनला फाइली दाखवणारी साधी आज्ञासुद्धा ‘सापडली नाही’ होते. हत्यारं आहेत तिथेच असतात, शोधायचं कुठे तेच कुणाला माहीत नसतं. अशा वेळी हत्याराचा पूर्ण पत्ता टाइप करून काम निभतं, पण तो पत्ता आठवायला डोकं शांत लागतं आणि अशा क्षणी ते नसतं.

## "सर्व्हर बंद-चालू केला की होतंच ना?"

कधी कधी होतं. सगळ्याच आया नव्याने जन्माला येतात, त्यामुळे पुडी योग्य फाइलीत असेल तर ती मिळते. चुकीच्या फाइलीत असेल तर शंभरदा बंद-चालू करा. आमच्याकडे वीज जाऊन येते तेव्हा लोक म्हणतात, "आपोआप सुधारलं." सुधारलं नाही, होडी परत धक्क्याला लागली आणि या खेपेला बर्फ चढला. उलटही होतं: टर्मिनलमध्ये हाताने दिलेली पुडी कुठेच लिहून ठेवलेली नसते, मे महिन्याच्या शेवटी पहिल्या वळवात वीज जाते, आणि वर्षभर नीट चाललेली गोष्ट बंद पडते. शेजारच्या एका होमस्टेचं बुकिंग असंच गेलं होतं. कुणी काय टाइप केलं होतं ते शोधायला मला अर्धा दिवस लागला.

## "पासवर्ड ठेवायला ही जागा बरी का?"

हा प्रश्न विचारणारे शहाणे, कारण बरेच जण न विचारताच ठेवतात. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट कंपनीची गुप्त किल्ली, सगळं शिदोरीत. प्रोग्रामच्या मजकुरात पासवर्ड लिहून तो जगजाहीर करण्यापेक्षा हे बरं, यात वाद नाही. पण शिदोरी म्हणजे तिजोरी नव्हे. लिनक्सवर चालू प्रोग्रामची सुरुवातीची शिदोरी त्याच्या मालकाला आणि रूट या सर्वाधिकारी खात्याला जशीच्या तशी वाचता येते. शिवाय नक्कल पुढे जाते हे आठवा. तुमच्या ॲप्लिकेशनने फोटो लहान करायला एखादा किरकोळ प्रोग्राम बोलावला तर त्यालाही पेमेंटची किल्ली मिळते. आणि दुरुस्तीसाठी चालू केलेली, सगळी माहिती ओकणारी पानं शिदोरीही ओकतात.

२०२१ च्या डिसेंबरात लॉग४शेल नावाची खोट उघड झाली. जावाच्या एका लोकप्रिय नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडाला, विशिष्ट मजकूर दिला की ती बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला जायची, आणि त्या बोलण्यात एखाद्या पुडीतला मजकूरही पाठवायला लावता यायचं. त्याआधी २०१४ च्या सप्टेंबरात शेलशॉक. बॅश हे शेल शिदोरीतल्या काही पुड्या नुसत्या वाचायच्या ऐवजी त्यातल्या आज्ञा चालवायचं. वेब सर्व्हर ब्राउझरकडून आलेली माहिती पुड्यांमध्ये भरून पुढे देत असल्यामुळे बाहेरचा कुणीही पुडीत विष घालू शकत होता. ही खोट जवळपास २५ वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मी काय करतो ते सांगतो: भाषा, वेळ, फोल्डरचे पत्ते शिदोरीत. गुप्त किल्ली वेगळ्या फाइलीत, ती फक्त त्या ॲप्लिकेशनच्या खात्याला वाचता येईल अशी, आणि शिदोरीत ‘फाइल कुठे आहे’ एवढंच.

## "हे सगळं टर्मिनलमधूनच का करत नाहीस?"

माझ्या पुण्याच्या मित्राचा हा लाडका आक्षेप. त्याला म्हणावं, काजूच्या झाडाखाली उभं राहून, एक दांडी रेंजवर, फोनच्या काचेवर अंडरस्कोअर टाइप करून दाखव. पॅनेलचं पान लोड व्हायला वेळ लागतो, पण चौकटीत बोट नेमकं बसतं आणि कनेक्शन मध्येच तुटलं तर अर्धवट आज्ञा चालत नाही. ज्याचं कामच हे नाही, ज्याला वर्षातून चारदा सर्व्हरला हात लावायचाय, त्याच्यासाठी पॅनेल बरं. कॉकपिटसारख्या पॅनेलात, ते ९०९० पोर्टवर असतं, ब्राउझरातच टर्मिनलही मिळतं.

मित्राचं एक म्हणणं मात्र मला पटतं. पॅनेल म्हणजे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा, आणि तो रस्त्याकडेच्या खुंटीला टांगू नये. २०१९ मध्ये वेबमिनच्या वाटल्या गेलेल्या काही आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं होतं. १.९३० मध्ये तो काढला गेला. पॅनेलचं पोर्ट अख्ख्या जगाला उघडं ठेवू नका, फायरवॉलने, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याने, आपल्यापुरतं आवळा, आणि अपडेट आली की घ्या.

## दोन कागद

आता मी वाद घालत बसत नाही. लिनक्सवर ‘एन्व्ह’ नावाची आज्ञा आहे, ती हातातली शिदोरी उघडून दाखवते. ती टर्मिनलवर चालवतो. मग पॅनेलच्या क्रॉनच्या पानावर एक तात्पुरतं काम घालतो: दर मिनिटाला ‘एन्व्ह’, आणि जे येईल ते एका फाइलीत. मिनिटभराने काम काढून टाकतो, कारण ते विसरलं तर रात्रभर चालत राहतं. आणि आलेल्या फाइली पाहून झाल्या की पुसतो, त्यात काय काय असू शकतं ते वर सांगितलंच.

त्या चौथ्या दिवशी मी हे दोन्ही छापून पेटीवर शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावर पंचवीसेक ओळी, दुसऱ्यावर जेमतेम सहा. मामाने चष्मा वर केला, दोन्ही पाहिले आणि सहा ओळींच्या कागदावर बोट ठेवलं. "हो रात्रीचो?" म्हटलं, हो. त्याने तो कागद घेतला, मागच्या कोऱ्या बाजूला त्या दिवशीचा चार डझनी आणि पाच डझनी पेटीचा दर लिहिला आणि शेडच्या दाराला खिळ्याने ठोकला. अजून तिथेच आहे, दर तेवढे खोडून नवे केलेत.